प्राथमिक वर्गात लहान गटांतून शिकवताना : नाशिक जिल्ह्यातील एका शिक्षिकेची कार्यपद्धती

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ − २७ हे उदाहरण लिहिले आणि दोन मुलांनी पाटीवर ३५ हे उत्तर लिहून आणले, तर आपण बहुतेक वेळा दोन्ही पाट्यांवर फुली मारतो आणि दशक सुटा करून करायची वजाबाकी सगळ्या वर्गाला पुन्हा एकदा समजावून सांगतो. त्याच दोघांना शेजारी बसवून “हे कसे केलेस ते मला सांग” असे विचारले, तर पहिला म्हणतो, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” दुसरी म्हणते, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा केला. बारातून सात गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” उत्तर एकच असले तरी चूक एक नाही. पहिला मुलगा वरची संख्या कोणती आणि खालची कोणती हे न पाहता प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे, म्हणजे वजाबाकी या क्रियेचा अर्थच त्याच्या हाती लागलेला नाही. दुसरीला तो अर्थ कळला आहे, दशक सुटा करणेही कळले आहे. सुटा केलेला दशक मूळच्या घरातून कमी करायचा तेवढा राहतो आहे. पहिल्यासोबत दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन चार-पाच दिवस बसावे लागेल, तर दुसरीला दोन मिनिटांची आठवण पुरेल. चौतीस मुलांसमोर फळ्याजवळ उभे राहून हा फरक कळण्याचा कोणताही मार्ग मला आजवर सापडलेला नाही.

लहान गटांचे प्रयोजन मी या एका गोष्टीत पाहते. मूल विचार कसा करते हे शिक्षकाला ऐकता यावे आणि त्याला जे हवे आहे तेच त्या दिवशी देता यावे, यासाठी पाच-सहा मुलांना जवळ घेऊन बसायचे. गटाची नावे, रंगीत तक्ते, सतरंज्यांची मांडणी हे सारे त्यानंतरचे आहे. पुढे जी पद्धत लिहिली आहे ती जिल्हा परिषदेच्या शाळेत, मर्यादित साहित्यात आणि एकाच शिक्षकाच्या बळावर चालवता येईल अशी आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगतो आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश देतो. दोन्ही तरतुदी योग्य आहेत. मात्र त्यांचा अर्थ असाही होतो की तिसरीच्या एका वर्गात अक्षरे अडखळत ओळखणारे मूल आणि गोष्टींची पुस्तके संपवून नवे मागणारे मूल शेजारी बसणार. नाशिक जिल्ह्यात या फरकात आणखी काही थर मिसळतात. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून आलेल्या मुलांची घरची बोली वेगळी असते. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत घरात अहिराणी बोलली जाते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांतील मुले हिंदी किंवा भोजपुरीतून विचार करतात. पाठ्यपुस्तकाची मराठी या सर्वांना सारख्याच अंतरावर नसते.

या पद्धतीला अभ्यासाचाही आधार आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथे चालवलेल्या ‘बालसखी’ उपक्रमात तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या १५ ते २० मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर, त्यांच्या पातळीवरून शिकवले जाई. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापात त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाल्याचेही आढळले. इयत्तेऐवजी पातळी पाहून शिकवण्याच्या पुढच्या अनेक कार्यक्रमांचा पाया तेथे घातला गेला. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टही याच वाटेने गाठता येईल असे मला वाटते.

प्रत्येकाला एकट्याने ऐकणे

गट करण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एकट्याने ऐकावे. एका मुलाला तीन-चार मिनिटे लागतात. परिपाठानंतर किंवा मधल्या सुट्टीच्या शेवटी रोज सहा-सात मुले घेतली, तर ३४ मुलांचा वर्ग आठवड्याभरात होतो. वाचनासाठी, ग्रामीण भागातील मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या आणि २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीचे टप्पे सोयीचे आहेत : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची लहान गोष्ट. पाच अक्षरे दाखवली आणि चार ओळखली, तर अक्षराची पायरी ओलांडली; शब्दांचेही तसेच. आधी परिच्छेद द्यावा, जमला तर गोष्टीकडे जावे, नाही जमला तर शब्दांकडे उतरावे, म्हणजे वेळ वाचतो.

तथापि पातळीचे नाव लिहून थांबू नये. मूल कोठे अडते ते वहीत मराठीतच, साध्या शब्दांत नोंदवावे. “शब्द स्तर” या नोंदीचा दुसऱ्या दिवशी काहीही उपयोग होत नाही, परंतु “ऱ्हस्व वेलांटी सोडून वाचतो, ‘दिवस’ला ‘दवस’ म्हणतो” या नोंदीवरून उद्याचा पाठ ठरतो. ही वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि तिचा उच्चार अक्षरानंतर करतो, त्यामुळे नवशिक्या वाचकाचा येथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. जोडाक्षरांतील ‘र’ हा असाच दुसरा अडथळा होय. ‘प्रकाश’, ‘ट्रक’, ‘सूर्य’ आणि ‘वाऱ्यावर’ या चार शब्दांत तो चार रूपांनी येतो, आणि त्यांतील दोन रूपे वाचणारे मूल उरलेल्या दोन रूपांपाशी थबकते.

गणितात दोन अंकी संख्या ऐकून लिहायला सांगावे. मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर बोलला जातो, म्हणून ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ‘एकोणतीस’ ऐकले की ‘तीस’ कानात राहतो आणि पाटीवर ३९ उमटते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. संपूर्ण वर्गावर ही रीत लादावी असे मी म्हणणार नाही, परंतु ५२ आणि २५ यांत सतत गल्लत करणाऱ्या चार-पाच मुलांसोबत ‘वीस पाच म्हणजे पंचवीस’ असे दोन्ही उच्चार जोडीने म्हणून पाहिल्यास स्थानिक किंमत लवकर उलगडते, हा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी बोलीबाबत बाळगावी. ‘माझी आई’ हे शब्द समोर असताना एखादे अहिराणी बोलणारे मूल ‘मन्ही माय’ असे वाचते, तेव्हा त्याला वाचता येत नाही अशी नोंद होता कामा नये. त्याने अर्थापर्यंत पोहोचून तो आपल्या भाषेत सांगितला आहे. अक्षरांकडे पुन्हा पाहायला लावणे हे पुढचे काम, पण आधी त्याचे वाचन मान्य करावे.

गट कसे करावेत

समजा, ३४ मुलांपैकी अक्षर पातळीवर पाच, शब्द पातळीवर नऊ, परिच्छेदावर अकरा आणि गोष्टीवर नऊ मुले आली. भाषेचे हे चार गट झाले. गणिताचे गट स्वतंत्रपणे करावेत, कारण भाषेत मागे असलेले मूल हिशेबात पुढे असणे अगदी नित्याचे आहे. आठवडी बाजारात आई-वडिलांसोबत बसणारी मुले सुट्या पैशांचा व्यवहार तोंडी अचूक करतात आणि तीच वजाबाकी उभी मांडली की गोंधळतात. दोन्ही विषयांना एकच गट ठेवला, तर अशा मुलाची जमेची बाजू वर्षभर कोणालाच दिसत नाही.

गटांना नावे देताना पहिला-दुसरा, अ-ब असे क्रमवाचक काहीही वापरू नये. आमच्या वर्गात गोदावरी, दारणा, कादवा आणि गिरणा असे गट आहेत, आणि कोणती नदी कोणाकडे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरते. मुलांना आपली पातळी कळतेच, ती लपवण्याचा हेतू नाही. पण आपल्या तोंडून ‘हुशार’ आणि ‘अप्रगत’ हे शब्द जाऊ नयेत, आणि गट कायमचा नाही हे मुलाला प्रत्यक्ष बदलातून दिसावे. मी एका वर्षी जूनमध्ये केलेले गट दिवाळीपर्यंत तसेच ठेवले. अक्षर गटातील एक मुलगी ऑगस्टमध्येच शब्द वाचू लागली होती, ते माझ्या ध्यानात आले नाही, आणि तिने मात्र “मी त्याच गटातली आहे” असे मानून पुढचे वाचण्याचा प्रयत्न सोडून दिला होता. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी फेरतपासणी करण्याचा नियम मी मोडलेला नाही.

पातळीनुसार केलेला गट दिवसातून एक-दीड तासच असावा. परिपाठ, परिसर अभ्यास, चित्रकला, गोष्ट ऐकणे हे सर्व वर्गाने एकत्र किंवा मिश्र गटांत करावे.

शिक्षक जवळ नसताना चालणारा वर्ग

ही पद्धत जेथे फसते, तेथे ती बहुधा याच टप्प्यावर फसते. शिक्षक पाच मुलांना घेऊन सतरंजीवर बसतो, तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी पेन्सिल मागायला येते, पाचव्या मिनिटाला मागच्या ओळीत भांडण होते आणि दोन आठवड्यांनी “आपल्या वर्गात गट चालत नाहीत” असा निष्कर्ष निघतो. वास्तविक, उरलेल्या २९ मुलांना स्वतंत्रपणे काम करण्याची सवय कोणी लावलेलीच नसते. म्हणून पहिले तीन आठवडे गटात काहीही नवे शिकवू नये. पहिल्या आठवड्यात सर्व मुलांना एकच काम द्यावे आणि शिक्षकाने वर्गात नुसते फिरावे. साहित्य कोठून घ्यायचे, कोठे ठेवायचे, जागा कशी बदलायची याचा सराव घ्यावा. दुसऱ्या आठवड्यात एका गटासोबत पाच मिनिटे बसून पाहावे. तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटे. हा काळ वाया जातो असे वरिष्ठांना वाटू शकते, अभ्यासक्रम मागे पडल्याची विचारणाही होऊ शकते. तरीही तो द्यावाच.

अडचण आली तर काय करायचे, याचा क्रम मुलांकडून पाठ करून घ्यावा : आधी स्वतः पुन्हा वाचून पाहायचे, मग शेजाऱ्याला विचारायचे, मग गटप्रमुखाला, आणि तरीही सुटले नाही तर ते काम बाजूला ठेवून पुढचे घ्यायचे. मी गटासोबत बसते तेव्हा माझ्या शेजारी लाल रंगाची पाटी उभी करते. ती उभी असेपर्यंत कोणाला लागले-खुपले किंवा शौचास जायचे असेल, तरच माझ्याकडे यायचे. गटप्रमुख दर आठवड्याला बदलावा आणि लाजाळू मुलांनाही ती जबाबदारी मिळावी.

स्वतंत्र गटाला दिलेले काम आधी शिकून झालेल्या गोष्टीच्या सरावाचे असावे. नवा घटक तेथे दिला की प्रश्न येणारच. ज्याचे उत्तर मुलाला स्वतः तपासता येते असे साहित्य सर्वांत उपयोगी पडते : एका बाजूला उदाहरण आणि मागे उत्तर असलेली कार्डे, चित्र आणि शब्दाच्या जोड्या, दोन तुकडे नीट जुळले तरच पूर्ण होणारे शब्द. यासाठी विकत काही आणावे लागत नाही. द्राक्षांच्या खोक्यांचे पुठ्ठे, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, जुन्या कॅलेंडरवरील अंक, चिंचोके आणि काड्या यांवर माझ्या वर्गाचे निम्मे साहित्य उभे आहे. शाळेला मिळालेली गणित पेटी कपाटात कुलूपबंद असेल, तर ती आधी बाहेर काढावी. रोज छापील कृतिपत्रिका देणे मात्र टाळावे. त्यांचा खर्च परवडत नाही, आणि रकाने भरण्यात मुलाचा विचार फारसा चालत नाही.

पुढे असलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना कायम इतरांना शिकवायला बसवणे हा सोपा मार्ग दिसतो, परंतु त्यांनाही स्वतः शिकण्याचा हक्क आहे. आठवड्यातून एखाद-दोन वेळा त्यांनी सोबत्यांना वाचून दाखवावे, उरलेला वेळ त्यांना आव्हान वाटेल असे काम द्यावे. चौथीतील गोष्ट गटाला मी वर्तमानपत्रात येणारे लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे भाव देते. किमान, कमाल आणि सरासरी भाव क्विंटलमागे छापलेला असतो. एका क्विंटलमध्ये १०० किलो, म्हणजे किलोला किती पडले, कालच्यापेक्षा किती फरक झाला, आपल्या घरच्या कांद्याला कोणता भाव मिळाला असेल, असे प्रश्न मुले स्वतः तयार करतात. घरात ज्या आकड्यांवर रोज बोलणे होते ते वर्गात मांडताना त्यांना कंटाळा येत नाही.

सतरंजीवरची पंधरा मिनिटे

शब्द गटाच्या एका बैठकीचे उदाहरण घेऊ. पाच मुले अर्धवर्तुळात, शिक्षक जमिनीवर, कारण खुर्चीवरून मुलाचे बोट कोणत्या अक्षरावर आहे ते दिसत नाही. पहिली दोन मिनिटे कालचे सहा-सात शब्द. पुढची तीन मिनिटे आजचा एकच मुद्दा, उदाहरणार्थ ऱ्हस्व वेलांटी : ‘कर’ आणि ‘किरण’, ‘दव’ आणि ‘दिवस’ असे शब्द शेजारी ठेवून काय बदलले ते मुलांनी सांगायचे. त्यानंतर सहा-सात मिनिटे चार ओळींचा मजकूर वाचायचा. येथे सर्वांनी एका सुरात वाचू नये. सामुदायिक वाचनात अडखळणारे मूल शेजाऱ्याच्या आवाजाखाली लपते. प्रत्येकाने आपापल्या गतीने कुजबुजत वाचावे आणि शिक्षकाने एकेकाकडे वाकून अर्धा-एक मिनिट ऐकावे. दहा शब्दांमागे एकापेक्षा अधिक शब्द चुकत असतील, तर मजकूर त्या मुलासाठी अवघड आहे असे समजून दुसऱ्या दिवशी सोपा मजकूर द्यावा. शेवटची तीन मिनिटे तीन शब्द सांगून लिहून घ्यावेत. वाचताना ठीक वाटलेली वेलांटी लिहिताना चुकीच्या बाजूला गेली, की उद्याचा मुद्दा ठरतो.

मूल अडखळले की लगेच शब्द सांगू नये. मनात पाचपर्यंत मोजावे. माझ्यासाठी ही सर्वांत कठीण शिस्त होती, आणि ती पाळू लागल्यावर मुले स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करतात हे मला प्रथमच दिसले.

गणिताच्या बैठकीत वस्तू, चित्र आणि अंक हा क्रम सोडू नये. वर सांगितलेल्या वजाबाकीच्या मुलासोबत मी ५२ काड्या घेते : दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. “यांतून सत्तावीस मला दे.” तो सात काड्या शोधू लागतो, दोनच मिळतात, थांबतो, माझ्याकडे पाहतो. मी काहीच बोलत नाही. थोड्या वेळाने तो स्वतः एका गठ्ठ्याचा रबर काढतो. ते घडल्यानंतरच अंकांतील मांडणीकडे वळावे, त्याआधी नाही.

आठवड्याचे नियोजन आणि नोंदी

चाळीस मिनिटांच्या भाषेच्या तासिकेत पहिली दहा मिनिटे सर्व वर्गाची आणि नंतर पंधरा मिनिटांच्या दोन बैठका, असे धरले तर पाच दिवसांत दहा बैठका मिळतात. त्या सर्व गटांत सारख्या वाटू नयेत. अक्षर गटाला चार, शब्द गटातील नऊ मुलांचे दोन भाग करून प्रत्येकी दोन, परिच्छेद आणि गोष्ट गटाला एकेक असे वाटप मी करते. परिच्छेदाची अकरा आणि गोष्टीची नऊ मुले एका बैठकीत मावत नाहीत, म्हणून दोन्ही गटांतील अर्धी मुले एका आठवड्यात आणि उरलेली पुढच्या आठवड्यात येतात. ज्याला अधिक गरज आहे त्याला शिक्षकाचा वेळ अधिक मिळणे मला न्याय्य वाटते. शनिवारी नवी बैठक घेऊ नये. तो दिवस फेरतपासणीला आणि साहित्य नीट करण्याला ठेवावा.

द्विशिक्षकी शाळेत, जेथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तेथे हे काम उलट सोपे होते. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे पातळीनुसार एकत्र गट करून दोन्ही शिक्षकांनी ते वाटून घ्यावेत. मात्र पाचवीतील मोठ्या मुलाला तिसरीतील मुलांसोबत अक्षरे गिरवायला बसवताना त्याचा मान राखावा. मजकूर सोपा असला तरी विषय त्याच्या वयाचा, म्हणजे क्रिकेटचा, शेतीचा, ट्रॅक्टरचा असावा.

नोंदीसाठी प्रत्येक मुलाला वहीचे एक पान द्यावे. बैठक संपताच एक ओळ, तारखेसह. यापेक्षा मोठी नोंदपद्धत महिनाभर टिकत नाही. “माझ्या मुलाला खालच्या गटात का बसवले?” असे विचारायला पालक आले, तर त्यांच्यासमोर हे पान उघडावे आणि मुलाला बोलावून जूनमधला मजकूर व आजचा मजकूर वाचायला सांगावा. माझ्याकडे आलेले बहुतेक पालक त्या वाचनानंतर “घरी काय घ्यावे?” एवढेच विचारतात.

हेच पान स्थलांतरित मुलांच्या बाबतीत सर्वाधिक मोलाचे ठरते. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात आणि काढणी आटोपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत राहतात; त्यांची मुले आपल्या वर्गात वर्षाच्या मध्यावर येतात. अशा मुलाला आल्यानंतर दोन दिवसांच्या आत ऐकून योग्य गटात बसवावे आणि त्याला पहिल्याच आठवड्यात एखादे सोपे काम, जसे कार्डे वाटणे, सोपवावे. परत जाताना त्याच्यासोबत शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत शिक्षण सुरू ठेवता यावे म्हणून शाळेने द्यायचे पत्रक, द्यायचे असतेच. त्याला नोंदपानाची प्रत जोडावी आणि शेवटच्या ओळीत मूल कोणत्या मजकुरापर्यंत पोहोचले व पुढे नेमके काय घ्यायचे राहिले ते लिहावे, म्हणजे जूनमध्ये पाड्यावरच्या शाळेतील शिक्षकाला त्याच ओळीपासून सुरुवात करता येते.